निळ्या फाइलीतले कानमंत्र

पोरी,

परवा फोनवर म्हणालीस, "आत्या, सत्तरीच्या पुढं आता सगळं फुकटच झालंय ना? मग बाबांच्या मेडिक्लेमचा हप्ता कशाला भरायचा?" मी तेव्हा चहा गाळत होते म्हणून नुसतं हं म्हटलं. तुझ्या बाबाला, म्हणजे माझ्या दादाला, विचारलंस तर तो "मला काय धाड भरलीय" म्हणून पेपर पुढं ओढेल. वहिनी म्हणेल, "त्यांना विचार." म्हणून हे लिहून ठेवतेय.

गेल्या दोन-तीन वर्षांत आम्हा म्हाताऱ्यांच्या दवाखान्याच्या खर्चाचे बरेच नियम बदलले आणि माझ्या मते बहुतेक चांगल्यासाठीच बदलले. पूर्वी पासष्टी ओलांडली की विम्याचा माणूस दारातूनच नमस्कार करून वळायचा. आता दारं उघडीत. पण प्रत्येक दाराला उंबरठा आहे, आणि त्यातल्या जवळपास प्रत्येकाला मी एकदा ठेचकाळलेय. तू निदान खाली बघून पाऊल टाक.

आधी सत्तरीच्या कार्डाचं.

१. दादाचं आयुष्मान वय वंदना कार्ड याच महिन्यात काढ — ७० पूर्ण झालेल्या कुणालाही ते मिळतं, घरात पेन्शन येते की गाडी उभी आहे ते कुणी विचारत नाही, आणि वर्षाला ५ लाखांपर्यंत हॉस्पिटलात भरती होण्याचा खर्च त्यातून होतो.

२. वहिनीला त्या कार्डात धरू नकोस — ती सहासष्टची, तिला अजून चार वर्षं आहेत. नवऱ्याच्या तिकिटावर बायको एसटीत बसत नाही, तसंच हे.

३. चार वर्षांनी तिचंही कार्ड निघेल, पण तेव्हा घरात १० लाख आले असं समजू नकोस — ५ लाख हे एका घरातल्या सगळ्या सत्तरीपारांना मिळून आहेत. कार्डं दोन, घागर एक.

४. गावाकडच्या काकूंच्या घरी आधीपासून आयुष्मान कार्ड आहे, त्यांनाही सत्तरीचं कार्ड वेगळं काढायला सांग — अशा घरातल्या सत्तरीपार माणसाला स्वतःचे जादा ५ लाख मिळतात, आणि त्यात घरातल्या तरण्यांना हात घालता येत नाही. काकूंना हे ऐकून फारच बरं वाटेल.

५. कार्ड आलं की पैसे बँकेत येतील म्हणून वाट बघत बसू नका — ही योजना २०२४ च्या धनत्रयोदशीला, २९ ऑक्टोबरला सुरू झाली, त्यामुळं आमच्या शेजारणीला वाटलं लक्ष्मीच आली. पैसे आपल्या हातात येतच नाहीत. हॉस्पिटल आणि योजना आपसात हिशोब मिटवतात.

६. मेडिक्लेम बंद करू नकोस, हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर — खासगी विमा असला तरी हे कार्ड मिळतं, दोन्ही एकत्र नांदतात. आणि दादाच्या त्या पॉलिसीत वहिनीही आहे हे तू विसरलीस. त्याचा हप्ता वाचवायला गेलीस तर आईचं पांघरूण ओढून घेशील.

७. शेजारच्या माजी सैनिक भाऊंनी मात्र घाई करू नये — ईसीएचएस किंवा केंद्र सरकारची सीजीएचएस ज्यांना आहे त्यांना दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं. त्यांना तिथं दर महिन्याच्या गोळ्याही मिळतात, सत्तरीच्या कार्डावर त्या मिळत नाहीत. हातातलं सोडून पळतं धरू नये, असं मी त्यांना दोनदा सांगितलं. सैनिकाला तिसऱ्यांदा सांगायची हिंमत होत नाही.

८. आधार कार्डावरचं जन्मसाल आज रात्रीच बघ — वय त्यावरूनच मोजतात, बाकी कुठला दाखला चालत नाही. आपल्याकडं निम्मं गाव एक जूनला जन्मलंय, कारण शाळेत नाव घालायला नेलं की मास्तर जी तारीख टाकतील ती. दादाचीही तीच आहे. साल चुकलं असेल तर दुरुस्ती आता कर, सलाइन लागल्यावर नको.

९. आधारला कुणाचा मोबाइल जोडलाय तेही बघ — ओटीपी त्याच नंबरावर जातो. आमच्याकडं तो तुझ्या काकांच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या, जुन्या नंबरावर जात होता, आणि तो नंबर आता नाशिकच्या एका भाजीवाल्याकडं आहे. भला माणूस, चार वेळा ओटीपी वाचून दाखवला त्यानं. पण सगळेच भाजीवाले भले असतीलच असं नाही.

१०. अंगठा उमटला नाही तर उठून घरी येऊ नकोस.

हे जरा सविस्तर सांगते. मी कार्ड काढायला गेले तेव्हा त्या पोरानं माझा अंगठा यंत्रावर सहा वेळा टेकवला. "आजी, हात धुऊन या." धुतले. "पुसून या." पुसले. "दुसरं बोट द्या." दहाही बोटं झाली. पन्नास वर्षं भांडी घासली, राखेनं, मग पावडरीनं, मग त्या हिरव्या घासणीनं; रेघा राहतील कुठून? मला वाटलं, संपलं. मी पिशवी उचलली तेवढ्यात मागच्या बाईनं सांगितलं की चेहऱ्यावरूनही होतं. पोराला माहीत होतं, सुचलं नव्हतं. चष्मा काढला, उजेडाकडं तोंड केलं, पापणी मिटली-उघडली, झालं. अंगठा झिजला म्हणून हक्क झिजत नाही.

११. तुझ्याच मोबाइलवर आयुष्मान ॲप घेऊन घरी बसूनही ते निघतं — बोटाचा ठसा, डोळा, चेहरा, ओटीपी, यातला जो मार्ग चालेल तो धर. दादाला मात्र अर्धा तास आधी सांगून ठेव. अचानक कॅमेरा पुढं धरलास तर तो दाढी करायला जाईल.

१२. "आजोबा, तुमचं कार्ड बंद पडतंय, ओटीपी सांगा" असा फोन आला तर काय करायचं ते दादाला पाठ करून घे — ठेवून द्यायचा. उद्धटपणा वाटला तरी ठेवायचा.

आता वहिनीचं. सत्तरीच्या आतल्या माणसाला लोक विसरतात, आणि तिथंच फसतात.

१३. रेशनकार्ड शोधून ठेव, पांढरं असलं तरी — महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पूर्वी पिवळी आणि केशरी कार्डवाली घरं असायची आणि मर्यादा दीड लाख. २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डवाल्यांना घेतलंय आणि घराला वर्षाला ५ लाख केलेत. "आपल्याला काय त्या पांढऱ्या कार्डाचा उपयोग" म्हणून दादानं ते लाइट बिलांच्या गठ्ठ्यात टाकलं होतं, मीच परत काढलं.

१४. त्या कार्डावर वहिनीचं नाव आहे ना, आणि आधारवर आहे तसंच आहे ना, अक्षर अक्षर लावून बघ — एका कागदावर नावापुढं 'बाई', दुसऱ्यावर नाही, तिसऱ्यावर नवऱ्याचं नाव आणि आडनाव यांची अदलाबदल, अशी आपल्या बायकांची दशा असते. बाईचं नाव दोनदा बदलतं, कागदाला एकदाच सवय होते.

१५. हॉस्पिटलात शिरल्यावर पैसे भरायच्या खिडकीआधी योजनेच्या आरोग्यमित्राचं टेबल शोध — एकदा अनामत भरून साधा पेशंट म्हणून नोंद झाली की मागाहून योजनेत यायला फार पळापळ होते. माझ्या नणंदेच्या वेळी आम्ही घाबरून आधी पन्नास हजार भरले आणि तिसऱ्या दिवशी टेबल दिसलं. ते जिन्याखाली होतं, फुलांच्या कुंडीमागं.

१६. "हे हॉस्पिटल योजनेत आहे का?" एवढंच विचारून थांबू नकोस; "हा आजार, याच विभागात, योजनेत आहे का?" असं विचार — हॉस्पिटलं विभागावार जोडलेली असतात. हाडाचं आहे म्हणून हृदयाचंही असेल असं नाही.

१७. १५५३८८ हा फुले योजनेचा आणि १४५५५ हा आयुष्मानचा नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरात चिकटव — मोबाइलमध्ये साठवलेला नंबर गडबडीत सापडत नाही, फ्रिज सापडतो.

१८. जवळची दोन हॉस्पिटलं आताच ठरवून ठेव, एक योजनेतलं आणि एक मेडिक्लेमचं — रात्री दोन वाजता छातीत दुखायला लागल्यावर आपण यादी बघत नाही, रिक्षावाला नेईल तिथं जातो. (आणि खरंच तसं झालं तर जवळचंच गाठ, यादी-बिदी मग.)

१९. रोजच्या गोळ्यांचे पैसे या दोन्ही योजनांकडून येतील अशी आशा धरू नकोस — त्या भरती झालेल्यासाठी आहेत. दादाची बीपीची आणि वहिनीची साखरेची गोळी जनऔषधी केंद्रातून आण. फक्त डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घे, कंपनीचं नको. वर्षाचा हिशोब लाव, मग मला फोन कर.

२०. मोठ्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात गरीब माणसाला घेऊन गेलीस तर समाजसेवा विभागात 'धर्मादाय योजना' हा शब्द उच्चार — आपल्या राज्यात अशा हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. हा शब्द तिथल्या लोकांना माहीत असतो, पण आपण उच्चारल्याशिवाय त्यांना आठवत नाही.

२१. तुमच्याकडं पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना मुख्यमंत्री वयोश्री योजनेचं सांग — वय ६५ आणि घरचं वर्षाचं उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर चष्मा, काठी, कानाचं यंत्र अशा वस्तूंसाठी एकदा ३००० रुपये खात्यात येतात. त्यांच्या चष्म्याला दोरा बांधलेला मी पाहिलाय.

२२. म्हापशाच्या मावशीला महाराष्ट्रातलं रेशनकार्डाचं गणित सांगू नकोस — गोव्यात त्यांची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, लहान कुटुंबाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांच्या घराला ४ लाख. सत्तरीचं कार्ड मात्र तिथंही तेच.

आता मेडिक्लेम. इथं माझ्या चुकांचं भांडार आहे, तेव्हा जरा सरसावून बस.

२३. "आता वय झालं, कोण विमा देणार" हे वाक्य घरातून हद्दपार कर — १ एप्रिल २०२४ पासून पासष्टीची ती अट गेली. देतीलच असं नाही, तपासण्या मागतील, हप्ताही जास्त सांगतील; पण नुसतं वय बघून कपाट बंद करायचे दिवस गेले. मी स्वतः त्र्याहत्तराव्या वर्षी नवी पॉलिसी घेतली, आणि पेढे वाटले. साखर असून.

२४. पॉलिसीला स्वतःचा चालू नंबर दे आणि तुझाही दे — माझी जुनी पॉलिसी अशीच गेली. तुझे काका गेले, त्यांचं सिम बंद झालं, आणि हप्त्याची आठवण त्या बंद सिमवर येत राहिली. सोळा वर्षं भरलेली पॉलिसी, दुखवट्यात कुणाच्या लक्षात येणार? लक्षात आलं तेव्हा दोन महिने उलटले होते आणि मी अडुसष्टची होते. दोन कंपन्यांनी वय ऐकूनच परत पाठवलं. पुढची पाच वर्षं मी जिना उतरताना देवाचं नाव घेत उतरायचे. आजार सांगून येत नाही. हप्त्याची तारीख मात्र सांगून येते, आपण घरी असायला हवं.

२५. वर्षाच्या हप्त्याला तारखेनंतर ३० दिवसांची सवलत असते, पण तिच्यावर झोपू नकोस — त्या दिवसांत भरलं तर पॉलिसी तुटत नाही. पण न भरलेल्या त्याच दिवसांत पाय मोडला तर तो आपल्याच खर्चानं जोडायचा.

२६. फॉर्ममध्ये साखर, बीपी, जुनं ऑपरेशन, सगळं खरं लिही — लपवलेली साखर बिलात विरघळत नाही. तुझ्या काकांच्या पहिल्या पॉलिसीत एजंटनं बीपीच्या रकान्यात 'नाही' लिहिलं, "उगाच हप्ता वाढेल हो" म्हणाला. हार्टचा क्लेम आला तेव्हा कंपनीला डॉक्टरांच्या जुन्या कागदावर बीपीची गोळी सापडली. एजंटचा फोन तेव्हापासून 'कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर' आहे.

२७. खरं लिहिल्यावर किती थांबायचं तेही माहीत असू दे — आधीपासूनच्या आजारासाठी कंपनी आता जास्तीत जास्त ३ वर्षं थांबवू शकते, पूर्वी ४ होती. आणि सलग ५ वर्षं हप्ते भरले की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय जुनं उकरून क्लेम नाकारता येत नाही. पूर्वी त्याला ८ वर्षं लागायची. म्हातारपणी पाच आणि आठ यांत किती अंतर असतं ते तुला आत्ता कळायचं नाही.

२८. म्हणूनच चांगल्या जुन्या पॉलिसीला क्षुल्लक कारणावरून लाथ मारू नकोस — कंपनी बदलायची असेल तर संपायच्या दीड-दोन महिने आधी 'पोर्ट' करायला टाक, म्हणजे थांबलेली वर्षं बरोबर येतात. तोडून नवी घेतलीस तर पुन्हा पहिलीपासून शाळा.

२९. पॉलिसीबरोबर येणारं दोन-चार पानांचं माहितीपत्रक मराठीत माग — मागितलं तर स्थानिक भाषेत द्यावं असा नियम आहे. दादाला इंग्रजी येतं, पण विम्याचं इंग्रजी इंग्रजांनाही येत नसावं.

३०. ते वाचून पटलं नाही तर ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते — पूर्वी हे दिवस १५ होते, आणि ते पंधरा दिवस पाकीट न उघडण्यातच जायचे.

३१. खोलीभाड्याची ओळ पहिल्यांदा वाच, बाकीचं मग.

गेल्या वर्षी न्हाणीघरात घसरून माझं मनगट मोडलं, आठवतं ना? सत्तरीचं कार्ड होतं, पण जवळचं हॉस्पिटल त्या यादीत नव्हतं, म्हणून मेडिक्लेम काढला. ५ लाखांची पॉलिसी, खोलीला रोज १ टक्का, म्हणजे ५ हजार. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, पाच हजारांची शेअरिंग आहे, दहाची घेतली तर टीव्ही आणि खिडकी." मला वाटलं, वरचे पाच हजार रोजचे मी देईन, त्यात काय. तीन दिवसांचे पंधरा हजार.

बिल आलं तेव्हा कळलं. खोली दुप्पट घेतली म्हणून खोलीशी बांधलेलं सगळंच, म्हणजे डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, भूल, नर्सिंग, कंपनीनं निम्म्यावर आणलं. हे सगळं मिळून १ लाख २० हजार, त्यातले ६० हजार माझे. औषधं आणि मनगटातली पट्टी यांना मात्र कात्री लागली नाही, ते पूर्ण मिळालं. त्या टीव्हीवर मी तीन दिवसांत एक मालिका पाहिली, तीही अर्धी. साठ हजारांत अर्धी मालिका.

३२. 'को-पे' हा शब्द दिसला की पेन्सिलनं गोल कर — २० टक्के को-पे म्हणजे लाखाच्या बिलात २० हजार आपलेच, पॉलिसी कितीही गोड बोलली तरी. मी जास्त हप्ता देऊन को-पे नसलेली घेतली. तू दादाचा हिशोब करून ठरव.

३३. मोतीबिंदू, हर्निया, गुडघे यांची वेगळी मर्यादा आणि वेगळी थांबायची मुदत असते का ते विचार — आमच्या वयाला होतं ते हेच. ज्याला पॉलिसी हवी तेच तिच्यात नसलं म्हणजे चटणीशिवाय वडापाव.

३४. हप्ता गेल्या वर्षीपेक्षा किती वाढला ते टक्क्यांत काढ — जानेवारी २०२५ पासून साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाला, त्या इर्डाईला, विचारावं लागतं. १० च्या वर दिसला तर लेखी विचार. गप्प बसणाऱ्याचा हप्ता लवकर मोठा होतो.

३५. पावतीवर जीएसटीची ओळ बघ — २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेलाय. दादाला त्याच्या निवृत्त सहकाऱ्यांच्या ग्रुप पॉलिसीत शिरायचा मोह होतोय, तिला ही माफी नाही हे त्याला सांग. मला आनंद झाला तो वेगळाच: इतकी वर्षं आजारी पडायच्या भीतीवरसुद्धा कर होता!

३६. हप्ता रोखीनं भरू नकोस, दादाच्या खात्यातून भर — जुन्या कररचनेत विवरण भरत असाल तर ज्येष्ठांसाठी ५० हजारांपर्यंत वजावट मिळते, पण रोख भरलेल्याला नाही. नव्या कररचनेत ती वजावट नाहीच, तेव्हा सीएला आधी विचार.

३७. तुझ्या कंपनीच्या विम्यात आई-बाबा आहेत यावर निर्धास्त राहू नकोस — ती छत्री ऑफिसची आहे. राजीनामा दिलास की दारातल्या शिपायाकडं ठेवून यायची. तेव्हा दादाची स्वतःची पॉलिसी चालूच ठेव.

३८. डिस्चार्जच्या दिवशी घड्याळ बघत बस, पण बरोबर काउंटरसमोर — कॅशलेसची विनंती आली की कंपनीनं तासाभरात कळवायचं, आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत, असा २०२४ चा नियम आहे. उशीर कंपनीनं केला आणि त्यामुळं हॉस्पिटलनं जादा आकारलं, तर ते कंपनीनं सोसायचं. गोम अशी की तीन तास मोजायचे ते हॉस्पिटलनं कागद पाठवल्यापासून. डॉक्टर सकाळी नऊला "घरी जा" म्हणाले, आणि माझे कागद दुपारी एकपर्यंत बिलिंगमध्येच पडून होते, कारण फाइलवर एक सही राहिली होती. मी हाताला झोळी बांधून, साडी नेसून, पलंगावर बसून होते. जेवण बंद झालेलं कारण 'पेशंट डिस्चार्ज', आणि घरी जाता येईना कारण 'पेशंट डिस्चार्ज नाही'. तेव्हा दर अर्ध्या तासानं गोड आवाजात विचार, "कागद गेले का हो? किती वाजता गेले?" आणि ती वेळ लिहून ठेव.

३९. मूळ रिपोर्ट कुणालाही देण्याआधी मोबाइलवर फोटो काढ, एक्स-रेचा खिडकीच्या काचेवर धरून — हरवलेला कागद हा नेहमी त्यांनी मागितलेलाच असतो.

४०. क्लेम नाकारला तर रडू नकोस, कागद माग — पॉलिसीतल्या कुठल्या कलमानं नाकारला ते लेखी मिळायला हवं. मग कंपनीच्या तक्रार विभागात लिही, आणि ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचं भांडण ऐकतात. पण वर्षाच्या आत जायचं. काकांच्या वेळी मला हे माहीत नव्हतं. मी फक्त एजंटला शिव्या दिल्या, आणि त्याची कुठं नोंद होत नाही.

४१. दादाच्या आणि वहिनीच्या सगळ्या गोळ्या, ॲलर्जी, जुनी ऑपरेशनं, डॉक्टरांचा नंबर, एका पानावर लिहून त्याच्या पाकिटात आणि तिच्या पर्समध्ये ठेव — दवाखान्यात विचारलं की दादा सांगतो, "एक पांढरी, एक छोटी गुलाबी."

४२. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, हे सगळे कागद बाहेर काढून तारखा बघ — फराळाचं तळण चालू असताना दादाला पलंगावर बसवून वाचायला लाव, म्हणजे तो मधे चकलीही खात नाही.

माझ्या वस्तू कुठं आहेत तेही ऐकून ठेव, उद्या मला काही झालं तर तूच येणार. निळी फाइल देव्हाऱ्याखालच्या खणात आहे. वरून पहिलं सत्तरीचं कार्ड, मग मेडिक्लेम, मग रेशनकार्ड, शेवटी मनगटाचे रिपोर्ट. खणाची किल्ली डाळीच्या डब्यात ठेवलीय. दादाला सांगितलं होतं, पण त्यानं गेल्या खेपेला मुगाच्या डब्यात हात घालून सगळी डाळ ओट्यावर सांडली. तुरीच्या डब्यात बघ, तळाशी, रुमालात बांधलेली आहे.